भुऱ्याचं वाकडं तोंड

फार पूर्वी, डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक आत्या राहत होती. कोणाची आत्या, असं विचाराल तर साऱ्या गावाची. तिच्या सख्ख्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची हे ठीकच, पण गावचा पाटील, जो तिच्याहून वीस वर्षांनी थोरला होता, तोही वाटेत भेटला की "काय लोकरआत्या, आज काय विणताय?" असंच विचारायचा. तिचं खरं नाव गावाला आठवत नव्हतं. तिलाही क्वचितच आठवायचं.

गाव उंचावरचं, तेव्हा थंडी फार. दसरा उलटला की माणसं घोंगडी पांघरूनच जेवायला बसत. घरोघरी मेंढ्या होत्या, घरोघरी टकळी फिरायची, पण विणावं तर लोकरआत्यानंच. तिच्या दोन सुया एकदा चालायला लागल्या की त्यांची टिकटिक शेजारच्या घरात ऐकू यायची. तिच्या हातून टाका सुटलेला कुणी कधी पाहिला नव्हता. कानटोप्या, मोजे, बंड्या सगळं ती विणायची, पण तिचा जीव होता तो सशांत.

सशांची त्या गावात एक रीत होती. मूल चार वर्षांचं झालं की संक्रांतीला त्याचं बोरन्हाण करायचं. डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे ओतायचे, ते वेचायला पोरांनी झोंबाझोंबी करायची, आणि मग त्या मुलाच्या मांडीवर लोकरीचा ससा ठेवायचा. ससा आत्यानं, तिच्याआधी तिच्या आईनं विणलेला, पोटात सावरीचा कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागी रिठ्याच्या काळ्याभोर बिया. अंगात मुलासारखेच काळे कपडे आणि गळ्यात हलव्याची माळ. संध्याकाळपर्यंत ती माळ मुलानं चाटून संपवलेली असायची, ते सोडा.

एवढं सगळं असलं तरी सशाला तोंड नसायचं. ते ज्याचा ससा त्यानं शिवायचं. चार वर्षांच्या हातात सुई द्यायची, सुईत काळ्या लोकरीचा दोरा, आणि मोठ्यांनी गप्प बसायचं. पोर सुई खुपसेल तिथं तोंड! त्यामुळे गावात एकाही सशाचं तोंड धड नव्हतं. लोहाराच्या सशाचं तोंड कानापाशी होतं. पाटलाच्या सशाचं तर पार गळ्यावर. पाटलानं सत्तरी ओलांडली तरी तो ससा त्याच्या उशाशी असे आणि "आमचा ससा जरा पोटातून बोलतो," असं तो पाहुण्यांना कौतुकानं सांगे. ही वाकडी तोंडं कुणी कधी सरळ केली नाहीत. गावात म्हणायचेच, ज्यानं तोंड दिलं त्याच्याशी ससा बोलतो.

ससा खरंच बोलायचा का? ज्याला हा प्रश्न पडतो तो मोठा झाला असं समजावं. त्या गावात हा प्रश्न कुणाला पडत नसे.

आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी सगुणा. तिचं बोरन्हाण आलं त्या साली आत्यानं कमाल केली होती. एका कोकराची पहिलीवहिली कातरलेली लोकर तिनं वर्षभर जपून ठेवली होती. बाळाच्या जावळासारखी मऊ, धड पांढरी नाही, धड करडी नाही. त्या लोकरीचा तिनं सगुणासाठी ससा विणला. रंग भुरा, म्हणून सगुणानं त्याचं नाव ठेवलं भुऱ्या.

भुऱ्याचं तोंड शिवायला सगुणा बसली तेव्हा तिची बोटं तिळगुळानं चिकट झाली होती. सुईत दोरा ओवून दिला तिच्या आईनं, आणि दोऱ्याच्या टोकाला गाठही आईनंच मारली. सगुणाची आई रानात खपणारी बाई, सुईदोऱ्याशी तिचं कधी जमलं नाही. गाठ चांगली मिऱ्याएवढी झाली.

"अगं, ही गाठ म्हणायची की गाठोडं?" आत्या म्हणाली.

"असू द्या हो आक्का," सगुणाची आई हसत म्हणाली, "सुटायची तरी नाही."

मग सगुणानं जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून तोंड शिवलं. ते डावीकडे खाली सुरू झालं, मध्येच घाबरून थबकलं आणि उजवीकडे थेट डोळ्यापर्यंत चढलं. डाव्या कोपऱ्यात ती मिऱ्याएवढी गाठ. कुणीतरी कानात गंमत सांगावी आणि ती अर्धीच कळावी, असा भुऱ्याचा चेहरा झाला. सगळी माणसं पोट धरून हसली आणि सगुणाही हसली.

त्याच पावसाळ्यात गावात तापाची साथ आली आणि सगुणाची आई गेली.

तेव्हापासून सगुणा आत्याच्या ओट्यावरच वाढली म्हणा ना. बाप दिवसभर मेंढ्यांमागे असायचा. आत्या विणत बसायची आणि सगुणा तिच्या गुडघ्याला टेकून भुऱ्याला कपडे घालायची, काढायची, पुन्हा घालायची. आणि काय ते कपडे! पावसाळ्यात हिरव्या लोकरीचं इरलं. थंडीत चार बोटं रुंदीचं घोंगडं. उन्हाळ्यात पातळ उपरणं. पायात वहाणा, खांद्याला पडशी, पडशीत वाटेत खायला दोन हरभरे. सगुणानं मागावं आणि आत्यानं विणावं. दुपारची उन्हं ओट्यावर यायची, सुया टिकटिकायच्या, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा लांबून वाजायच्या. ते दिवस आत्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, पण सुखाच्या दिवसांवर कुठं लिहिलेलं नसतं की हे सुखाचे आहेत.

भुऱ्याची एक खोड होती. आत्यानं त्याला नवी टोपी विणली, की सगुणा त्याला कानाशी धरायची, ऐकायची आणि सांगायची, "टोपी टोचते म्हणतो."

"टोचते?" आत्याला राग यायचा. "डोंगरावरच्या सात गावांत माझ्या टोपीला कुणी नाव ठेवलेलं नाही!"

"मी नाही गं म्हणत. तो म्हणतो."

मग आत्या पुटपुटत टोपी उसवायची आणि दुसरी विणायला घ्यायची. चार वर्षांत भुऱ्याच्या अकरा टोप्या झाल्या आणि अकराही टोचल्या.

सगुणा आठ वर्षांची झाली त्या माघात गावात दवंडी आली. आजपासून आठव्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी पेठेत जत्रा आहे, राणीसाहेब स्वतः येणार आहेत, ज्याच्या हाताला गुण आहे त्यानं आपली उत्तमातली उत्तम वस्तू घेऊन यावी.

आत्याच्या सुया थांबल्या. चाळीस वर्षं ती विणत होती. तिच्या मोज्यांनी गावाचे पाय गरम ठेवले होते, पण डोंगराखाली तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्या पोटात कुठंतरी एक इच्छा इतकी वर्षं मुकाट्यानं बसून होती, ती त्या दिवशी उठून उभी राहिली. एकदा तरी कुणीतरी जाणत्यानं आपलं काम हातात घेऊन बघावं. इच्छा काही वाईट नव्हती. तुम्हाआम्हालाही असतेच ती.

पण आठ दिवसांत ससा व्हायचा कसा? आत्याचा ससा म्हणजे महिन्याचं काम. कपडे तेवढे आठ दिवसांत होतील. आणि ससा म्हणाल तर तिच्या हातचा सगळ्यात सुंदर ससा शेजारी सगुणाच्या काखेतच होता.

"सगुणे," आत्या म्हणाली, "आठ दिवसांसाठी मला भुऱ्या देशील? राणीसाहेबांना दाखवून परत आणते."

सगुणानं भुऱ्याला कानाशी धरलं. बराच वेळ ऐकलं.

"जाईन म्हणतो," ती शेवटी म्हणाली. "पण तसाच परत आणशील ना गं आत्या?"

"तसाच आणीन. लोकरीची शपथ."

मग आत्या कामाला भिडली. भुऱ्यासाठी तिनं मंजिष्ठेच्या रंगात रंगवलेल्या तांबड्या लोकरीचा अंगरखा विणला, त्याच्या कडेनं मोहरीएवढी पांढरी फुलं भरली. आपल्या लग्नातल्या शालूचा काठ उसवून त्याची जर काढली आणि तिचा शेला केला. पायांत घुंगुरवाळे. कमरेला बोटाएवढी कट्यार, तीही लोकरीची. ससा कट्यार घेऊन काय करणार हे विचारू नका. राणीसाहेबांपुढं जायचं म्हणजे थाट हवा. आणि डोक्यावर जरीची टोपी, तिच्यावर तुरा, तुऱ्यात एक खरा मोती. तो तिच्या नथीतला होता.

सातव्या दिवशी सकाळी सगळा साज चढवून तिनं भुऱ्याला ओट्यावर उन्हात बसवलं आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम! मग तिची नजर खाली उतरली आणि तोंडावर अडली.

इतक्या सुबक टाक्यांच्या मधोमध ते वाकडं, भेदरलेलं, डोळ्यात घुसलेलं तोंड. कोपऱ्यात माशी बसल्यासारखी गाठ. चार वर्षं आत्या ते तोंड रोज पाहत होती आणि रोज तिला ते गोड वाटत होतं. त्या सकाळी पहिल्यांदाच ती राणीसाहेबांच्या डोळ्यांनी बघत होती. 'हे कुणी शिवलं? हिनंच?' असं त्यांनी विचारलं तर?

तिनं सुई उचलली, खाली ठेवली. हा टाका आपला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रीत तिच्याच आईनं तिला शिकवली होती. पण मनाला एकदा वाट हवी असली की ते ती काढतंच. 'एका दिवसाचा तर प्रश्न,' ती स्वतःशी म्हणाली. 'परत आल्यावर होतं तसं वाकडं करून देईन. सरळ टाका घालणं कठीण, वाकडा घालायला काय अक्कल लागते?'

आणि तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत भुऱ्याचं तोंड उसवलं. निघालेला काळा दोरा सवयीप्रमाणं गुंडाळून चिंध्यांच्या पिशवीत टाकला, कारण वीतभर लोकरही फेकायची नाही हा तिचा जन्माचा नेम. मग नवा दोरा घेऊन नाकाखाली नेटकं, दोन्हीकडे सारखं, चंद्रकोरीसारखं तोंड शिवलं. ती गाठ सगुणाच्या आईनं मारलेली, हे कामाच्या घाईत तिला आठवलंसुद्धा नाही.

जत्रेत राणीसाहेब पुढून चालत आल्या आणि भुऱ्यापाशी थांबल्या. त्यांनी अंगरख्याची फुलं पाहिली, शेला बोटांवर घेतला, कट्यार बघून तर त्या खळखळून हसल्या. "बाई, असं काम आमच्या साऱ्या राज्यात नाही," असं म्हणून त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून आत्याच्या खांद्यावर घातली. चाळीस वर्षांनी आत्याचं काम जाणत्या हातात गेलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"हा ससा आम्हाला द्याल?" राणीसाहेबांनी विचारलं.

आत्या पदर सावरून म्हणाली, "माफी असावी राणीसाहेब. हा लेकराचा आहे. तसाच परत आणीन म्हणून शब्द दिलाय."

राणीसाहेबांना तिचं कौतुकच वाटलं. आणि आत्याला? तिला स्वतःचं त्याहून जास्त कौतुक वाटलं. राणीला नाही म्हटलं, पण पोरीला दिलेला शब्द मोडला नाही! सगळा चढ ती ह्याच आनंदात चढली.

सगुणा गावाच्या वेशीवर वाट बघत उभी होती. आत्यानं भुऱ्याला तिच्या हातात दिलं. सगुणानं अंगरखा पाहिला नाही, मोती पाहिला नाही. तिनं नेहमीसारखं त्याला कानाशी धरलं.

"काय म्हणतो? आवडली का जत्रा?" आत्यानं हौसेनं विचारलं.

"बोलत नाही."

"दमला असेल. केवढी चढण ती."

दोन दिवस सगुणानं वाट पाहिली. त्याला ओळखीचं घोंगडं पांघरलं, पडशीत ताजे हरभरे भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली, भुऱ्याचा सगळा साज पुन्हा नीट चढवून तिनं आणला होता, टोपीसकट. तिनं त्याला आत्याच्या ओट्यावर ठेवलं.

"आत्या, हा भुऱ्या नाही," ती म्हणाली. "भुऱ्याच्या तोंडाला आईची गाठ होती. हा कुणाचा आहे त्याला दे."

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं हे अगदी नरमाईनं, चुकून आपल्याकडे आलेली वस्तू परत करावी तसं सांगितलं आणि ती निघून गेली.

आत्या पहिल्यांदा चिडली. राणीसाहेबांना नाही म्हटलं गं तुझ्यासाठी, असं ती रिकाम्या अंगणाला म्हणाली. मग म्हणाली, पोरं अशीच हट्टी असतात. मग सुईत काळा दोरा ओवला आणि म्हणाली, एवढंच ना, वाकडं तोंडच ना.

पण चाळीस वर्षं सरळ चाललेला हात वाकडा चालेना! पहिलं तोंड वाकडं झालं, पण दोन्ही बाजूंनी सारखंच वाकडं. दुसरं डोळ्यापर्यंत चढलं, पण पायऱ्या मोजाव्यात इतक्या एकसारख्या टाक्यांनी. तिसऱ्याच्या वेळी तिनं डोळे मिटून सुई टोचली, तर टाके उलट आणखी नेटके आले. सात गावांत जिच्यासारखी विणणारी नाही, तिला चार वर्षांच्या पोरीचा एक टाका जमेना. रोज ती नवं तोंड शिवायची आणि सगुणाला बोलवायची. सगुणा यायची, बघायची आणि मान हलवायची.

"हे मुद्दाम वाकडं आहे," एकदा ती हळूच म्हणाली.

त्यानंतर ती यायचीच थांबली. दुपारची उन्हं ओट्यावर यायची, सुया टिकटिकायच्या, पण गुडघ्याला टेकून कुणी बसलेलं नसायचं. आत्याला ती टिकटिक स्वतःलाच मोठी वाटायला लागली. एकदा भाऊ मेंढ्या घेऊन अंगणावरून चालला होता, तो थबकला.

"आक्का, पोर रडत नाही," तो म्हणाला. "रडली असती तर मी समजूत घातली असती. नुसती बसून असते."

अकराव्या की बाराव्या तोंडासाठी आत्या काळा दोरा शोधत होती. नवी लोकर संपली होती, म्हणून तिनं चिंध्यांच्या पिशवीत हात घातला. चाचपता चाचपता बोटाला काहीतरी टणक लागलं. मिऱ्याएवढं.

तिनं ते बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

काळा दोरा आणि त्याच्या टोकाला ती गाठ. सगुणाच्या आईनं मारलेली, न सुटलेली. आणि विणणाऱ्यांना ठाऊकच असतं, उसवलेली लोकर आपली वळणं सोडत नाही. नवं काही विणायचं तर ती ओली करून, वजन बांधून वाळवावी लागते, तेव्हा कुठं सरळ होते. हा दोरा कुणी ओला केला नव्हता. चार वर्षं ज्या वळणांत बसला होता ती सगळी त्यानं जशीच्या तशी धरून ठेवली होती. एक लांब टाका. मग ते घाबरून थबकणं. मग वरची चढण. आत्यानं तो तळहातावर ठेवला तर तिथंच भुऱ्याचं अर्धं तोंड दिसायला लागलं.

"असू द्या हो आक्का, सुटायची तरी नाही." तिला ते बोलणं ऐकू आलं, ती हसणारी बाई दिसली, तिळगुळाचा वास आला. सुटायची नव्हतीच ती गाठ. आपण ती काढून टाकली. पोरीकडं आईच्या हातचं उरलेलं होतं ते एवढंच, आणि ते आपल्याला माशी बसल्यासारखं दिसलं. आत्या हमसून हमसून रडली. राणीसाहेबांची शाल खांद्यावर होती, त्या शालीनंच तिनं डोळे पुसले.

मग ती उठली. एवढ्या वर्षांत ती कधी कुणाच्या दारी चूक कबूल करायला गेली नव्हती, कारण तिच्या हातून चूकच होत नसे. ती अंगण ओलांडून भावाच्या घरी गेली आणि सगुणासमोर जमिनीवर बसली.

"सगुणे, भुऱ्याचं तोंड मी उसवलं. मला राणीसाहेबांपुढं लाज वाटली त्याची. तसाच आणीन म्हणाले आणि तसाच आणला नाही. चुकले मी."

आत्यानं मूठ उघडली. सगुणानं दोरा पाहिला, गाठीवर बोट ठेवलं आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तू शिवून दे," शेवटी नाक पुसत सगुणा म्हणाली.

खरं सांगायचं तर आत्याचा हात पुढं झालाच होता. दोऱ्यात वळणं होती, तिच्या बोटांत कसब होतं, भोकं नीट जुळवली असती तर कुणाला फरक कळला नसता. पण तिनं हात मागं घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तोंड ज्याचा ससा त्यानं द्यायचं."

तिनं भुऱ्याच्या तोंडावरचे आपले नेटके टाके काढून टाकले आणि जुना दोरा सुईत ओवून सुई सगुणाच्या हातात दिली. मग आपले दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसली, कारण त्या हातांचा तिला भरवसा नव्हता.

सगुणानं जीभ बाहेर काढली, डोळे बारीक केले. "आत्या, बघू नकोस."

"नाही बघत," असं म्हणून आत्या एका डोळ्यानं बघत राहिली. दोनदा तिच्या ओठांवर आलं, अगं जरा वर घे. दोन्ही वेळा तिनं ते गिळलं. मांडीखालचे हात मुंग्या येऊन बधिर झाले तरी तिनं ते काढले नाहीत.

तोंड झालं. डाव्या कोपऱ्यात आईची गाठ बसली. टाका लांब गेला, थबकला आणि वर चढला. अगदी पहिल्यासारखं मात्र झालं नाही. आठ वर्षांचा हात चार वर्षांचा कसा होणार? चढता चढता एक टाका खाली घसरला होता, त्यामुळे भुऱ्या आता रडून झाल्यावर हसणाऱ्यासारखा दिसत होता. गेलं ते थोडं गेलंच, हे आत्याला कळलं.

सगुणानं भुऱ्याला कानाशी धरलं. खूप वेळ धरलं. चाळीस वर्षांत कुठल्या कामाच्या निकालाची आत्यानं अशी वाट पाहिली नव्हती, राणीसाहेबांपुढंसुद्धा नाही.

"काय... काय म्हणतो?" तिनं घाबरत विचारलं.

सगुणानं वर पाहिलं.

"टोपी टोचते म्हणतो."

ह्या खेपेला आत्यानं सात गावांचं नाव काढलं नाही. तिनं मांडीखालचे बधिर हात सोडवले आणि ती मोत्याची, जरीची, राणीसाहेबांनी वाखाणलेली टोपी भुऱ्याच्या डोक्यावरून अलगद काढली. "खरंय रे बाबा," ती म्हणाली, "फार टोचत असणार."

आता ना ती आत्या राहिली, ना तिच्या सुयांची टिकटिक. पुढं सगुणा तिच्याहून उत्तम विणायला शिकली, मग तिच्या मुली शिकल्या, आणि सगळ्यांनी ससे विणले ते बिनतोंडाचेच. त्या गावात अजून एक गंमत चालते म्हणतात. बोरन्हाणाच्या दिवशी मूल सशाचं तोंड शिवायला बसलं, की भोवतीची सगळी मोठी माणसं आपापले हात मांडीखाली घालून बसतात. का, असं विचारलं तर हसतात आणि आमच्यात असंच असतं म्हणतात.

तात्पर्य: मायेच्या माणसाचा वाकडा टाका सरळ करायला जाऊ नये. टाका सरळ होतो, पण ज्यानं तो घातला त्याचा हात त्यातून निघून जातो.